मागच्या रविवारची चूक

मोरूभाऊ, तुमच्या चुका कापून टाकायचं तेरवीच्या दिवशी ठरत होतं. मी नाही म्हणालो. तुमच्याच ओट्यावर, तुमच्या फोटोसमोर, पंगतीतली माणसं ऐकत असताना नाही म्हणालो. हे तुम्हाला दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो.

तुमच्या धाकट्या भावाला, प्रमोदला, राग आला. वहिनींनी मान वळवली. मी जेवून उठलो तेव्हा माझ्याशी कोणी बोललं नाही. चालेल. तीन वर्षं तुमच्याशी दर शनिवारी भांडलो, त्यापुढे हे काहीच नाही.

शनिवारी दुपारी तुमचा माग थांबायचा आणि माझा काटा. मी धान खरेदीच्या केंद्रावर वजन करणारा माणूस, तुम्ही माझ्या घरामागचे कोशाचं रेशमी कापड विणणारे. आपलं दोघांचं एकत्र असं काही नव्हतं, मधली भिंत सोडली तर. पण फोनवर विकत घेतलेलं एखादं पुस्तक आणि आठवड्यातल्या विज्ञानाच्या बातम्या आपण दोघांनी वाचायच्या, तुम्ही त्या आपल्या बोलीत सांगायच्या, मी आकडे तपासायचे, आणि रविवारी सकाळी एकवीस-बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग गटावर सोडायचं, हे चालू झालं आणि चालूच राहिलं. पहिल्या रविवारी गटात अकरा जण होते, त्यातले चार आपल्याच घरचे. शेवटच्या रविवारी एकशे अठ्ठ्याऐंशी. अड्याळचे, पवनीकडचे, वर नाकाडोंगरीचे, आणि चिखल्याच्या खाणीतले काही जण, जे पाळीला जाताना गाडीत ऐकायचे. एकूण एकशे त्रेपन्न रविवार झाले. तीन वर्षांत तीनच चुकले. दोनदा तुमचा ताप, एकदा माझ्या मुलीचं लग्न. त्या लग्नाच्या रविवारीही तुम्ही मांडवात विचारलं होतं, "फोन आणला का रे? पाच मिनिटाचं काम आहे." मी फोन दिला नाही. द्यायला हवा होता.

सुरुवातीला डिजिटल पुस्तकाला नाकं मुरडणारा मी होतो, तुम्ही नाही. मला पान उलटलेलं हाताला कळायला हवं होतं. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि फोनवर अक्षर वाढवता येतं हे कळल्यावर तुम्ही ते इतकं वाढवलंत की एका पानावर जेमतेम चार ओळी मावायच्या. मी मोजून सांगितलं, माझ्या फोनवर हे पुस्तक तीनशे दहा पानांचं आहे, तुमच्या फोनवर दोन हजार एकशे चाळीस.

"म्हणजे मी तुह्यापेक्षा जास्त वाचतो," तुम्ही म्हणालात.

"पुस्तक एकच आहे, मोरूभाऊ."

"पानं तर जास्त आहेत ना. तूच सांगून राहिला."

प्रमोदने तुम्हाला एकदा स्टुडिओत वाचलेलं ऑडिओबुक घेऊन दिलं होतं. माग चालवताना तुम्ही ते लावलंत. एक प्रकरणभर ऐकलंत आणि बंद केलंत. मी विचारलं, आवडलं नाही का. तुम्ही म्हणालात, "आवाज गोड आहे. पण याले कुठंच ठसका नाही लागत. अडत नाही. मले समजलं नाही तिथं यालेही समजलं नसन, असं एकदाही वाटलं नाही." मग तुम्ही मागाच्या खोलीत, मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून, फोन कापड गुंडाळायच्या रुळावर ठेवून स्वतः सांगायला लागलात. ती जागा का, तर भिंतींवर धाग्याच्या लडी टांगलेल्या असतात, आवाज घुमत नाही. हे तुम्ही कुठे वाचलं नव्हतं. पन्नास वर्षं त्या खोलीत बसून तुम्हाला ते माहीत होतं.

संगणकाच्या चिपवरचं पुस्तक आपण सांगायला घेतलं तेव्हा चौकात कोणी म्हणालंच होतं, विणकराने चिप शिकवायची आता. तुम्ही पुढच्या रविवारी त्याचंच उत्तर दिलंत, नाव न घेता. मागावर किनारीसाठी बसवलेल्या जॅकार्डच्या भोकांच्या पट्ट्या असतात, भोक असलं तर धागा वर, नसलं तर खाली. "संगणकाची अक्कल इथून निघाली आहे," तुम्ही म्हणालात. "भोक आहे का नाही आहे, एवढाच सवाल. आमच्या पट्टीत शेकडो भोकं, त्या चिपमध्ये मोजता येत नाही एवढी. सुताऐवजी वीज. बाकी माग तोच." मी ते तीन ठिकाणी पडताळून पाहिलं. बरोबर होतं. मी तुम्हाला तेव्हा एवढंच म्हणालो, "चूक नाही." माझ्या तोंडून याहून मोठी शाबासकी निघत नाही, हे तुम्हाला माहीत होतं असं मी धरून चालतो.

आता चुकांबद्दल. दर रेकॉर्डिंगची सुरुवात तुम्ही एकाच वाक्याने करायचात: मागच्या रविवारची चूक. मग ती चूक, मग बरोबर काय ते, मग नवीन विषय. चूक नसेल तर "मागच्या रविवारची चूक अजून सापडली नाही" असं सांगायचात. मला ही पद्धत सुरुवातीला पटली नव्हती. आपणच आपली लाज का काढायची. तुम्ही मला मागावरचं कापड दाखवलंत. एक धागा तुटला होता, तुम्ही तो तिथल्या तिथे गाठ मारून जोडलात. म्हणालात, "माग चालू आहे तोवर गाठ माराची. कापड उतरवलं का मग भोक भोकच राहते." 

चंद्राची चूक आठवते का? चंद्र दरवर्षी पृथ्वीपासून जवळपास पावणेचार सेंटिमीटर दूर जातो. मी कागदावर मीटर लिहून दिलं. तुम्ही ते तसंच सांगितलंत. सोमवारी मला स्वतःलाच ते दिसलं. मी भिंतीवरून हाक मारली. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि रविवारी म्हणालात, "मागच्या रविवारची चूक. मी चंद्राले शंभरपट पळवलं. तो बिचारा वर्षभर नखं कापली नाही तर जेवढी वाढतीन तेवढाच सरकते. चूक माही."

"चूक माही होती," मी नंतर म्हणालो. "माह्या कागदावर होतं."

"आवाज कोणाचा होता?"

"तुमचा."

"मग चूक कोणाची? लोकाईनं माह्या तोंडून ऐकलं. ज्याचा आवाज त्याची चूक. कागद कोणाचा ते पाहाले कोण येते?"

हा तुमचा नियम. मला तो सोयीचा होता, म्हणून मी पुन्हा वाद घातला नाही. बाकी सगळ्यावर घातला. सूर्याचा प्रकाश आठ मिनिटं वीस सेकंदांनी पोचतो असं मी लिहून दिलं, तुम्ही "चहा उकळून उतरवासाठी लागते तेवढा वेळ" असं सांगितलंत. मी म्हटलं, वीस सेकंद गेले कुठे. तुम्ही म्हणालात, "वीस सेकंदात चहा उतू जाते, वसंता. सोड." त्यावर मी दोन दिवस बोललो नव्हतो. आता असं वाटतं की बोलायला हवं होतं, निदान भांडायला तरी.

मग अब्ज आला. चिपवरच्या त्या बारा प्रकरणांच्या पुस्तकात आपण सातव्या प्रकरणाला पोचलो, तिथे अब्जाच्या संख्या आल्या, आणि तुम्ही अडलात.

"अब्ज म्हणजे किती?"

"शंभर कोटी."

"ते मले माहीत आहे. दिसते किती?"

"एकावर नऊ शून्य."

"शून्य कोणाले दिसते? मी नाकाडोंगरीच्या बाईले काय सांगू, नऊ शून्य पाह्य म्हणू?"

शेवटी धान मोजायचं ठरलं. माझ्या घरून पेलाभर धान आणलं आणि तुमच्या ओट्यावर उन्हात बसून आपण हजार दाणे मोजले. सहाशे चाळीसला तुम्ही रस्त्यावरच्या कोणाला तरी "या, बसा" म्हणालात आणि मोजणी गेली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी मी तुम्हाला तोंड मिटून बसायला सांगितलं आणि तुम्ही खरंच बसलात, तुमच्या आयुष्यातला तो बहुधा विक्रम असेल. हजार हजार दाण्यांचे तीन ढीग केले, सराफाच्या काट्यावर नेऊन तोलले. तिन्ही सोळा ग्रॅमच्या आसपास. सराफाने विचारलं, "हे काय चालू आहे?" तुम्ही त्याला सांगितलंत, "अब्ज मोजून राहिलो. तुमी सोनं मोजता, तसंच." सोळा ग्रॅमला हजार, तर चाळीस किलोच्या एका कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, पंचवीस लाख दाणे. शंभर कोटी दाण्यांना चारशे कट्टे. मी कागदावर लिहून दिलं: बारीक धान, चारशे कट्टे, एक अब्ज.

बारीक हा शब्द मी लिहिला होता. कागद माझ्याकडे आहे, शब्द आहे.

तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये म्हणालात, "तुमच्या घरच्या ठोकळ धानाचे चारशे कट्टे अंगणात रचा. त्यातला एकेक दाणा म्हणजे एक. तेवढा अब्ज. आणि असे कितीतरी अब्ज दरवाजे त्या नखाएवढ्या चिपमध्ये उघडून-मिटून राहिले." ऐकणाऱ्यांच्या शेतात जाड दाण्याचं ठोकळ होतं, म्हणून तुम्ही ठोकळ म्हणालात. तुम्हाला गोष्ट ऐकणाऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवायची असायची. पाठवण्याआधी मी नेहमीप्रमाणे पूर्ण ऐकलं. चारशे ऐकलं, बरोबर आहे म्हटलं, आणि पाठवलं. मी आकडा ऐकला, शब्द ऐकला नाही. आयुष्यभर काट्यावर बसलेल्या माणसाला ठोकळ आणि बारीक धानातला फरक ऐकू आला नाही.

ऐकू आला तो नाकाडोंगरीच्या सिंधूबाईंना. त्यांना आपण दोघांनी कधी पाहिलेलं नाही, पण दर सोमवारी त्यांचा आवाज यायचा. त्या सोमवारी आला: "मोरूभाऊ, रामराम. सांगणं छान झालं. पण ठोकळाचा दाणा मोठा असते, कट्ट्यात कमी बसते. चारशे कट्ट्यात तुमचा अब्ज नाही होत. जास्त लागतीन. किती ते तुमीच पाहा, मले हिसाब नाही येत."

मंगळवारी सकाळी तुम्ही भिंतीवरून हाक मारलीत. आवाजात आनंद होता. चूक सापडली की तुम्हाला आनंदच व्हायचा, हे मला कधीच समजलं नाही.

"वसंता, मोठी चूक सापडली रे."

"आकडा माहा बरोबर आहे. तुमी ठोकळ म्हणाले."

"म्हणालो ना. तू धाडाच्या आधी ऐकलं का नाही?"

"ऐकलं."

"मग?"

"तुमी मनानं शब्द घालता, मोरूभाऊ."

"आणि तू मनच घालत नाही," तुम्ही म्हणालात, आणि हसलात. "ये इकडं. आत्ताच ठोकळ मोजून टाकू. तासाचं काम आहे."

मी म्हटलं, आज जमणार नाही, रविवारी पाहू. तुम्ही म्हणालात, "बरं, रविवारी येजो." मला मंगळवारी काहीच काम नव्हतं. राग आला होता, एवढंच. बुधवारी सकाळी तुम्ही गेलात. त्या सकाळबद्दल मी इथे लिहिणार नाही. ती ज्यांनी पाहायची त्यांनी पाहिली.

मधले दोन रविवार गटावर काही गेलं नाही. पहिल्या रविवारी एकशे अठ्ठ्याऐंशीपैकी एकशे बारा जणांनी हात जोडलेली चित्रं टाकली. दुसऱ्या रविवारी नऊ जणांनी विचारलं, आता बंद का. मी उत्तर दिलं नाही. सोमवारी तेरवी होती.

प्रमोद वाईट बोलला नाही, मोरूभाऊ. तो जे बोलला ते मी होतं तसं लिहितो, म्हणजे त्याच्यावर अन्याय नको. तो म्हणाला, "दादाचे सगळे भाग मी नागपूरले नेतो. आवाज साफ करून घेतो. खोकला, कोंबडा, मागून येणारे आवाज, सगळं काढतो. सुरुवातीचा चुकांचा भाग कापतो. नीट ऑडिओबुक करू, त्याच्या नावानं."

"चुकांचा भाग काहून कापता?" मी विचारलं.

"वसंतराव, नेटवर टाकलेलं कायमचं राहते. कोणी मधलाच एक भाग लावला तर काय म्हणन? चुकलो, चुकलो, हेच म्हणून राहिला हा माणूस. मी शिकावं म्हणून त्यानं शाळा सोडून माग धरला. त्याले कोणी हसलेलं मले चालत नाही."

जवळ बसलेल्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, साडेत्रेपन्न तासांत चुकांचे दोन तासही भरायचे नाहीत. कोणीतरी म्हणालं, मग कापली तर काय बिघडते. मी म्हणालो, "नाही कापू देणार." का, ते मला त्या घोळक्यात सांगता आलं नाही. वहिनी आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "प्रमोद बरोबर म्हणते, वसंतभाऊजी. गेलेल्या माणसाच्या चुका जगाले कायले ऐकवाच्या?"

का नाही कापू देणार, हे मला घरी आल्यावर नीट कळलं. मी सगळे भाग फोनवर पुन्हा लावले आणि फक्त पहिलं मिनिट-दोन मिनिटं ऐकत गेलो. दोन दिवस लागले. अठ्ठावन्न चुका, एकूण सत्याऐंशी मिनिटं. त्यातल्या एकवीस तुमच्या: उच्चार, नावं, एकदा शनीला गुरू म्हणालात ते. उरलेल्या सदतीस आकड्यांच्या, म्हणजे माझ्या. आणि अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न वेळा तुमचा आवाज म्हणतो, चूक माही. एकदाही माझं नाव नाही. एकदाही "लिहून देणाऱ्याने" असं नाही. ती सत्याऐंशी मिनिटं कापली असती तर जगात सगळ्यात जास्त फायदा माझा होता. मोरूभाऊंबरोबर काम करणारा, कधीही न चुकलेला माणूस म्हणून मी उरलो असतो.

तुम्ही जिवंत असताना मी हे कधी बोललो नाही. आभार तर सोडाच. चंद्राच्या वेळी एकदा तोंड उघडलं, तुम्ही नियम सांगितलात, मी तो लगेच मानला. कोणता नियम मी एवढ्या पटकन मानतो ते तुम्हीच सांगा.

शुक्रवारी मी तुमच्या घरी गेलो. वहिनी मागाच्या खोलीत लडी झटकत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की अठ्ठावन्नपैकी सदतीस चुका माझ्या आहेत.

त्यांनी लडी खाली ठेवली. "म्हणजे सदतीस वेळा त्याईनं तुमचं अंगावर घेतलं?"

"हो."

"आणि तुमी ऐकत राहिले."

"हो."

मला वाटलं आता घालवून देतील, आणि तसं केलं असतं तरी मी काही म्हणालो नसतो. मग त्या खिडकीकडे गेल्या आणि स्टीलचा एक पेला घेऊन आल्या. वर बशी झाकलेली. आत ठोकळ धान होतं. "मंगळवारी तुमी नाही म्हटलं ना," त्या म्हणाल्या, "त्याईनं तेव्हाच काढून ठेवलं. रविवारी वसंता येते म्हणे. आता बसा. मोजा."

आम्ही दोघांनी वेगवेगळं मोजलं. वहिनींचे एक हजार तीन भरले, मी पुन्हा मोजून तीन बाजूला काढले. त्या म्हणाल्या, "तीन दाण्यानं काय होते?" मी म्हटलं, होते. त्यांना पहिल्यांदा हसू आलं, थोडंच. "त्याईले तुमच्यासंग कसं जमे कोणास ठाऊक." सराफाकडे मी एकटा गेलो. पंचवीस ग्रॅम. चाळीस किलोच्या कट्ट्यात सोळा लाख. अब्जाला सव्वासहाशे कट्टे. सिंधूबाई बरोबर होत्या, चारशे नव्हे, सव्वादोनशे जास्त.

संध्याकाळी वहिनींनी माझ्यासमोर प्रमोदला फोन लावला. "चुका कापू नोको," म्हणाल्या. तो पलीकडून काही बोलला. "हासू दे लोकाईले. त्याईले लोकाईले हासवाले आवडे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. प्रमोद गप्प बसला आहे, पटलेलं नाही. त्याचं दुःख माझ्यापेक्षा कमी नाही, हे मला मान्य आहे. पण मी वाकणार नाही.

रविवारी सकाळी मी तुमच्या जागी बसलो. खड्ड्यात पाय सोडले. तुमच्यापेक्षा मी उंच, गुडघे रुळाला लागत होते. पहिल्यांदा पहिल्याच वाक्याला रेकॉर्डिंग बंद केलं. दुसऱ्यांदा आकडे वाचताना मी वजनाची पावती वाचतोय असं मलाच वाटलं. तिसऱ्यांदा जे झालं ते तसंच पाठवलं. मी म्हणालो:

"मागच्या रविवारची चूक. मोरूभाऊ ठोकळ धानाचे चारशे कट्टे म्हणाले. ते बारीक धानाचे होते. ठोकळाचे सव्वासहाशे लागतात. ठोकळ हा शब्द मोरूभाऊंचा होता. तो ऐकून न थांबवणं माझं होतं. चूक दोघांची. आणखी एक. आजपर्यंत सांगितलेल्या अठ्ठावन्न चुकांपैकी सदतीस आकड्यांच्या होत्या. त्या सगळ्या माझ्या होत्या. मोरूभाऊंनी त्या स्वतःवर घेतल्या. मी वसंता, आकडे लिहून देणारा. आता आठवं प्रकरण."

आणि आठवं प्रकरण सांगितलं. सतरा मिनिटं. तुमच्यासारखं नाही. धागा, माग, चहा, काही सुचलं नाही, जे समजलं ते साधं सांगितलं आणि जे समजलं नाही तिथे समजलं नाही म्हटलं. जिथे अडलो तिथे अडलो.

ज्याचा आवाज त्याची चूक, हा तुमचा नियम मी मोडला. त्या नियमाने ठोकळाची चूक एकट्या तुमच्या नावावर राहिली असती, कारण आवाज तुमचा होता. तुम्ही ती हसत घेतली असती. मी घेऊ दिली नाही. तुम्हाला पटणार नाही. नका पटवून घेऊ. यावर आपण तीन शनिवार भांडलो असतो, आणि मी एकदाही माघार घेतली नसती.

सोमवारी सिंधूबाईंचा आवाज आला. मी तो वहिनींना ऐकवला, मग घरी येऊन पुन्हा ऐकला.

"वसंतभाऊ, रामराम. सव्वासहाशे, बरोबर आहे. बाकी तुमी सदतीसचं सांगतलं ते आमाले पहिल्यापासून ठाऊक आहे. मोरूभाऊ बोलत असले का बोलतच जात. आकडा आला का थांबत, अन् मंग कागद वाजे. आमच्या घरी सारे म्हणत, कागद वाजला, आता त्या दुसऱ्या भाऊचा आकडा येते. नाव आत्ता समजलं. आठवं प्रकरण मले अर्धं समजलं. पुन्हा सांगजा."

मी जुने भाग काढले. इतकी वर्षं ते मी आकडे तपासण्यासाठी ऐकले होते, त्यामुळे आकड्याच्या आधीचं कधी कानात शिरलंच नव्हतं. आहे, मोरूभाऊ. प्रत्येक आकड्याआधी आहे. तुम्ही श्वास घेता, माझा कागद उलगडता, त्याची घडी करकरते, आणि मग तुम्ही माझ्या आकड्याला तुमचा आवाज देता. एकशे त्रेपन्न रविवार.

मी लगेच प्रमोदला फोन लावला. त्याने उचलला. मी म्हटलं, आवाज साफ करायचाय तर करा. खोकला काढा, कोंबडा काढा, माझी हरकत नाही. कागद वाजतो तो काढायचा नाही.